दोन अ‍ॅनी मूर: जुन्या कागदांतून माणूस कसा सापडतो

एका मुलीचे दोन पुतळे आहेत. एक आयर्लंडमधल्या कोव्ह बंदरात, दुसरा न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर. दोन्ही १९९३ सालचे, दोन्ही जीन रिनहार्ट या शिल्पकार बाईंनी घडवलेले. आणि त्याच मुलीच्या थडग्यावर २००८ सालापर्यंत नावाचा साधा दगड नव्हता. ती कुठे पुरली आहे हे माहीत असल्याचा सगळ्यांचा समज होता. तो चुकीचा होता, इतकंच.

मुलीचं नाव अ‍ॅनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावरचं नवं कोरं तपासणी केंद्र उघडलं, तेव्हा दारातून आत आलेली ती पहिली स्थलांतरित. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. तिघं 'नेव्हाडा' नावाच्या आगबोटीने क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, २० डिसेंबरला निघाली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कला येऊन स्थिरावलेले. केंद्राचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं, वर्तमानपत्रांनी बातमी छापली, आणि अ‍ॅनी गर्दीत मिसळून गेली. पुढे १९५४ पर्यंत त्या केंद्रातून सुमारे १ कोटी २० लाख माणसं अमेरिकेत शिरली.

अ‍ॅनीचं पुढे काय झालं, याची एक गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जात होती. ती पश्चिमेकडे गेली, टेक्सासात पोचली, एका आयरिश माणसाशी तिचं लग्न झालं आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ ट्रामगाडीखाली सापडून ती वारली. गोष्ट झकास होती: बोटीतून उतरलेली मुलगी, अफाट मोकळा मुलूख, शेवटी अपघात. त्या टेक्सासवाल्या बाईंच्या वंशजांना एलिस बेटावर आणि आयर्लंडमध्ये समारंभांना सन्मानाने बोलावणंही जाई. त्यांनी कुणाला फसवलं असं मुळीच नाही. घरात आईने सांगितलं, लेकीने ऐकलं, तिने पुढे सांगितलं. आपल्याही घरी "आपले पूर्वज अमुक सरदारांच्या पदरी होते" हे असंच चालत आलेलं असतं आणि सनद दाखवा म्हटलं की सगळे छताकडे बघतात.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळ संशोधक बाई एका माहितीपटासाठी काम करत असताना त्यांनी या टेक्सासवाल्या अ‍ॅनीचे कागद पाहिले. जनगणनेत जन्मस्थळाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात आयर्लंड नव्हतं, इलिनॉय होतं. जी बाई अमेरिकेतच जन्मली, ती बोटीतून अमेरिकेला कशी येईल? एका शब्दाने सगळी गोष्ट कोसळली.

मग खरी अ‍ॅनी कोण? इथून पुढे ज्या वाटेने जावं लागतं ती समजून घेण्यासारखी आहे, कारण कुठल्याही आयरिश कुटुंबाचा माग काढायचा तर वाट हीच.

जुना कागद वाचताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की तो आपल्यासाठी लिहिलेला नसतो. बोटीची यादी लिहिली गेली कारण सरकारला माणसं मोजायची होती. जमिनीची नोंद कर बसवायला, बाप्तिस्म्याची नोंद पाद्र्याला हिशेब ठेवायला. प्रत्येक कारकुनाने त्याला हवं तेवढंच विचारलं आणि समोरच्याने सोयीचं तेवढंच सांगितलं. म्हणून प्रत्येक नोंदीपाशी थांबून विचारायचं: हे कुणी लिहिलं, कशासाठी, आणि माहिती कुणी दिली? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जनगणनेचा प्रगणक दारात आला तेव्हा घरात कोण होतं हे बहुतेक नोंदींत कळतच नाही. कदाचित शेजारणीने माहिती दिली असेल, कदाचित दहा वर्षांच्या पोराने. अमेरिकेच्या १९४० सालच्या जनगणनेत तेवढी सोय केली होती. माहिती देणाऱ्याच्या नावापुढे गोलातली फुली मारलेली असते. ती दिसली की मला प्रगणकाला मिठी मारावीशी वाटते.

आता आयर्लंडच्या बाजूने बघू. तिथे शोधणाऱ्याच्या नशिबी आधी राखच येते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत जळलं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्यात गेले. पण सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगदा करायला दिले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली जनगणना आगीने आणि बाबूशाहीने निम्मी निम्मी वाटून खाल्ली. अखंड उरलेली पहिली जनगणना १९०१ ची, त्यानंतरची १९११ ची. दोन्ही आज संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. जळालेल्या अभिलेखागाराच्या प्रती आणि उतारे जगभरच्या ग्रंथालयांतून गोळा करून २०२२ साली, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, एक आभासी अभिलेखागारही उभं राहिलं आहे.

मधली पोकळी कशाने भरायची? एक साधन म्हणजे ग्रिफिथ यांची आकारणी. १८४७ ते १८६४ दरम्यान सगळ्या आयर्लंडची जमीन आणि घरं कर बसवण्यासाठी मोजली गेली. साधारण सातबाऱ्यासारखी ही नोंद: जागा कुणाच्या ताब्यात, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. पण त्यात फक्त कर्त्याचं नाव सापडतं, बायकापोरांचं नाही. शिवाय इथे एक आयरिश गोम आहे. तिथे गावापेक्षाही लहान असा जमिनीचा तुकडा असतो, त्याला टाउनलँड म्हणतात. 'टाउन' शब्द ऐकून शहर डोळ्यांपुढे आणू नका. कित्येक टाउनलँडमध्ये पाचदहा घरंच असत. देशभरात असे साठ हजारांहून जास्त तुकडे आहेत आणि एकच नाव अनेक ठिकाणी. नुसतं "कॉर्कचे" एवढं ठाऊक असेल तर शोध सुरूही होत नाही. टाउनलँड हाती लागला की निम्मं काम झालं.

दुसरं साधन चर्चच्या नोंदवह्या. कॅथलिक पाद्र्यांच्या या वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये, घाईच्या अक्षरात, पुसट शाईत. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांची छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं आणि दोन साक्षीदारांची नावंही. नवखा माणूस साक्षीदारांकडे दुर्लक्ष करतो. मुरलेला आधी तिकडेच बघतो, कारण ते बहुधा मामा, आत्या नाहीतर शेजारी असतात. आणि तीच मंडळी पुढे अमेरिकेत शेजारच्या खोलीत राहताना दिसतात. जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. अ‍ॅनीचा जन्म १८७४ च्या एप्रिलमधला, म्हणजे ती नशीबवान पिढीतली. वर्तमानपत्रांनी मात्र ती पंधरा वर्षांची असल्याचं आणि १ जानेवारी हाच तिचा वाढदिवस असल्याचं छापलं होतं. खरं तर ती सतरा वर्षांची होती. सोन्याच्या नाण्याबरोबर वाढदिवस असला की बातमी अधिक गोड लागते, दुसरं काय.

वयाच्या बाबतीत तर आयरिश नोंदींवर अजिबात विसंबू नये. १९०१ आणि १९११ ची जनगणना शेजारी ठेवून बघा. दहा वर्षांत बारा, चौदा, कधी त्याहून जास्त वर्षांनी म्हातारी झालेली माणसं ढिगाने सापडतील. मध्ये झालं काय, तर १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू झाली. कित्येकांना आपलं वय नक्की माहीत नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांनाही सत्तरीची ओढ लागली. गंमत म्हणजे याच पेन्शनसाठी वयाचा पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून उतारे काढून घेतले जात. मूळ कागद जळाले, पण त्या शोधाचे अर्ज दुसरीकडे ठेवलेले होते ते वाचले. आज त्यांतूनच काही कुटुंबांची जळालेली माहिती परत मिळते.

समुद्र ओलांडून अमेरिकेत आलं की अडचण उलटी होते. तिथे कागद कमी नाहीत, नावं जास्त आहेत. मूर हे आडनाव आयरिशांत रगड आणि अ‍ॅनी त्याहून रगड. एकट्या न्यूयॉर्कमध्ये कितीतरी अ‍ॅनी मूर. नाव जुळलं की माणूस सापडला, हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा खड्डा. टेक्सासची चूक तिथेच झाली.

शिवाय इथेही आगी आहेतच. एलिस बेटावरची पहिली इमारत लाकडी होती. ती १५ जून १८९७ च्या रात्री जळाली आणि जुनी दप्तरं तिच्याबरोबर गेली. प्रवाशांच्या त्या काळच्या याद्या कस्टम्स खात्याकडे वेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून बचावल्या. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीने आणि नंतरच्या हलगर्जीने संपवले. स्थलांतरितांच्या दृष्टीने हा फार मोठा घाव आहे, कारण १८८० नंतर एकदम १९००. मधल्या वीस वर्षांत माणूस येतो, तीन घरं बदलतो, लग्न करतो, दोन मुलं पुरतो आणि जनगणनेला पत्ताही लागत नाही. (एलिस बेटावरच्या कारकुनांनी लोकांची आडनावं बदलली, हे मात्र मनातून काढून टाका. यादी बोट निघाली तिथेच भरलेली असे. इथला कारकून ती समोर ठेवून प्रश्न विचारी. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, पुढे सोयीप्रमाणे. आयरिशांनी तर आडनावाआधीचं 'ओ' कधी ठेवलं, कधी गाळलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडतात.)

ती वीस वर्षं भरून काढते शहराची डिरेक्टरी. दर वर्षी छापली जाणारी ही जाडजूड वही. घरातल्या कमावत्या माणसाचं नाव, धंदा, पत्ता. विधवा असेल तर नवऱ्याचं नावही, त्यामुळे नवरा कुठल्या वर्षी गेला याचा अंदाज बांधता येतो. न्यूयॉर्कमध्ये घरभाड्याचे करार १ मेला संपत आणि त्या दिवशी अर्ध्या शहराची बिऱ्हाडं रस्त्यावर असत, हातगाड्यांवर पलंग आणि शेगड्या. म्हणून डिरेक्टरीत पत्ता दर वर्षी बदललेला दिसला तर घाबरायचं नाही. पत्ते कागदावर एकाखाली एक लिहून नकाशावर टिंबं मारायची. बहुतेक वेळा ती टिंबं त्याच चारपाच गल्ल्यांत पडतात, कारण चर्च, ओळखीचा वाणी आणि काम देणारा मुकादम तिथेच असतो.

कामाच्या रकान्यात आयरिश पुरुषांपुढे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: मजूर. त्यामागे गोदीतली हमाली, खोदकाम, विटा वाहणं, तबेल्यात घोडे सांभाळणं, काहीही असू शकतं. मुलींचा शोध आणखी चकवा देणारा. घरी बहीण दिसत नाही म्हणून ती वारली असं समजू नका. ती बहुधा दोन मैलांवर एखाद्या श्रीमंताच्या घरात आहे आणि जनगणनेत त्या घराच्या यादीत अगदी शेवटी, 'नोकर' म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये घरकाम करणाऱ्यांत बहुसंख्य आयरिश मुलीच होत्या. त्यांच्या पगारातून गावी पैसे जात, त्या पैशांतून पुढच्या भावंडाचं तिकीट निघे. एकटा माणूस अचानक उठून आला असं क्वचितच घडे. घरातलं कुणीतरी आधी येई आणि बाकीच्यांना ओढून घेई. अ‍ॅनीचे आईवडील आधी आले, मुलं मागून आली, तेही असंच.

सगळ्या कागदांत माझा जीव जडला आहे तो एका बँकेच्या वह्यांवर. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक निघाली. खातेदारांतल्या अनेकांना सही येत नसे. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच आहे हे ओळखायचं कसं? बँकेने खातं उघडतानाच प्रश्न विचारून ठेवले: गाव कुठलं, आईबापांची नावं काय, कुठल्या बोटीने आलात, भावंडं किती आणि कुठे आहेत, कोण जिवंत कोण नाही. आज आपण बँकेला फोन केला की आईचं माहेरचं नाव विचारतात, तोच प्रकार. कारकुनाला फक्त चोरी टाळायची होती. पण त्या पानांवर अशी कुटुंबं उतरली, जी दुसऱ्या कुठल्याही कागदावर इतकी पूर्ण दिसत नाहीत. हे दप्तर आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे.

याच वह्यांनी एक पक्का समजही हलवला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. १८४१ ची ८१ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. केरी परगण्यात लॉर्ड लॅन्सडाउन यांची मोठी जमीनदारी होती. तिथल्या भुकेकंगाल कुळांना पोसण्यापेक्षा अमेरिकेचं तिकीट काढून देणं स्वस्त, असा हिशेब कारभारी विल्यम स्ट्युअर्ट ट्रेंच याने मांडला आणि १८५१ च्या सुमारास शेकडो माणसं बोटीत बसवली. ती न्यूयॉर्कला फाइव्ह पॉइंट्स नावाच्या कुप्रसिद्ध वस्तीत उतरली. घाण, दाटी, दारूचे अड्डे. बाहेरच्यांच्या लेखी तिथली माणसं कायमची बुडालेली. पण इतिहासकार टायलर अनबाइंडर यांनी बँकेच्या वह्या उघडल्या तेव्हा दिसलं, की अंगावरच्या चिंध्यांनिशी आलेल्या याच कुळांपैकी अनेकांनी काही वर्षांत चांगली शिल्लक टाकली होती. हातात पैसा आल्यावरही ती वस्ती सोडत नव्हती, कारण शेजारी गाववाले होते. पत्त्यावरून माणसाची ऐपत ठरवायची सवय या एका दप्तराने मला सोडायला लावली.

आता परत अ‍ॅनीकडे. तिला तिच्याच नावाने शोधणं व्यर्थ होतं. लग्न झालं की मूर हे नाव संपलं. नागरिकत्वाच्या कागदांत शोधावं, तर १९२२ पर्यंत बायकोचं नागरिकत्व नवऱ्यामागोमाग येई, त्यामुळे त्या काळातल्या बायकांचे स्वतःचे कागद फार कमी. पुरुषांचे असतात, पण त्यांतही १९०६ च्या आधीचे अगदीच कोरडे: अमुक इसम ब्रिटनच्या राणीवरची निष्ठा सोडतो, इतकंच. १९०६ मध्ये कायदा बदलला आणि जन्मतारीख, जन्मगाव, बोट असं सगळं एकाच नमुन्यात लिहून घ्यायला लागले.

२००६ साली स्मोलेन्याक यांनी खऱ्या अ‍ॅनीचा पुरावा आणणाऱ्याला एक हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. काही आठवड्यांतच उत्तर मिळालं. न्यूयॉर्क शहराचे अभिलेख आयुक्त ब्रायन अँडरसन यांच्या हाती नागरिकत्वाचं एक प्रमाणपत्र लागलं. ते अ‍ॅनीचं नव्हतं, तिच्या भावाचं, फिलिपचं होतं. तिथून १९३० ची जनगणना, तिच्यात फिलिपच्या घरात अ‍ॅना नावाची मुलगी. तिथून सामाजिक सुरक्षा खात्याची मृतांची यादी, आणि त्या यादीवरून त्या मुलीचा जिवंत मुलगा. आडवळणाची वाट, पण प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी जुळत होत्या, नुसतं नाव नाही.

अ‍ॅनी टेक्सासला कधी गेलीच नव्हती. तिने सगळं आयुष्य मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, थोडक्या गल्ल्यांच्या आत काढलं. जर्मन कॅथलिक कुटुंबातल्या जोसेफ शायर याच्याशी तिचं लग्न झालं. तो फुल्टन मासळी बाजारात कामाला होता. मुलं दहाहून जास्त झाली आणि त्यांतली बरीच लहानपणीच गेली. १९०० च्या जनगणनेत विवाहित बायकांपुढे दोन छोटे रकाने आहेत: किती मुलं झाली, किती हयात. चाळींच्या वस्तीतली पानं उलटताना तिथे दिसतं आठ आणि चार, सहा आणि दोन, नऊ आणि पाच. एक पान वाचून झालं की पुढचं लगेच उलटवत नाही.

१९२४ मध्ये हृदयविकाराने अ‍ॅनी वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत, काही मुलांसोबत, बिनदगडाच्या जागेत तिला पुरलं. आता तिथे आयर्लंडहून आणलेल्या दगडाचा क्रूस आहे.

कोव्हच्या पुतळ्यात तिच्याबरोबर दोन्ही भाऊ आहेत. एलिस बेटावर शिल्पकाराने तिला एकटीच उभी केली आहे, हातात पिशवी, डोक्यावरची टोपी सावरताना. तिचा पत्ता मात्र शेवटी धाकट्या फिलिपच्या कागदावरून लागला.